कुजबुज न कळणारा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. डोक्याला पट्टा लावून तोंडापुढे धरतात ना, तसला. अम्मानच्या न्यायालयाबाहेर एका टेबलाच्या खणात पडून असतो. मी बिघडलेलो नाही. माझ्या मालकांना माझे तोंड पाहवत नाही, एवढेच.

माझे मालक अबू लबीब. तीस वर्षे त्यांनी छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले. मग संधिवाताने बोटे वाकडी झाली. पेन धरवेना, संगणकाची कळ दाबवेना. तेव्हा त्यांच्या मुलीने, सुहैरने, मला आणले. आठवडाभर ते माझ्यापुढे जुने अर्ज वाचत राहिले आणि संगणक त्यांचा आवाज शिकला. ते बोलत आणि पडद्यावर अक्षरे उमटत. पहिला अर्ज छापून निघाला तेव्हा ते रडले.

रांगेतले लोक चिडवत, "अबू लबीब, बायकोशी कधी इतकं गोड बोललात का हो?"

"ती मध्ये बोलते. हा बिचारा ऐकून घेतो," ते म्हणत. मी फुशारून जाई.

एका सकाळी उम्म हानी आल्या. त्यांचा मुलगा हानी कुवेतला नोकरीला आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. खुर्ची ओढून त्या अबू लबीबांच्या कानाशी लागल्या. हानी कुवेतला नव्हताच. दोन वर्षे तो तुरुंगात होता, आता फार आजारी होता, आणि भेटीच्या परवानगीचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा होता.

पूर्वी असे गुपित पेनातून मुकाट कागदावर जाई. आता अबू लबीब माझ्याशी कुजबुजले. पडदा कोराच राहिला. ते पुन्हा कुजबुजले. मित्रांनो, मला कुजबुज कळत नाही. मी घडलोच तसा. रांग तर अगदी पाठीला चिकटून उभी होती.

"मोठ्यानं बोला की, हज्जी! इथंच दुपार करता का?" कुणीतरी ओरडले.

उम्म हानींनी डोळे मिटले. "बोला," त्या म्हणाल्या.

अबू लबीब मोठ्याने बोलले, "माझा मुलगा तुरुंगात आजारी आहे..." मी एकही शब्द चुकवला नाही. मग मागून एक शेजारीण म्हणाली, "अगं बाई! मग ईदला वाटलेली ती कुवेतची मिठाई कुठली गं?"

उम्म हानी उठल्या आणि निघून गेल्या. अबू लबीबांनी खूप हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिले नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी हानी तुरुंगातच गेला आणि उम्म हानींच्या दारात शोकाच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. अबू लबीब तिथली कडू कॉफी पिऊन आले आणि सुहैरला म्हणाले, "उम्म हानी दारातच भेटली. मला म्हणते, तुमची बोटं अजून दुखतात का?" मग त्यांनी मला टेबलावरून उचलले आणि खणात ठेवले. त्यानंतर त्यांनी एकही अर्ज लिहिला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, माझे काही अडलेले नाही. पण हात चालत नाहीत म्हणून कुणी माझ्यासारख्याशी बोलत असेल, तर चार पावले मागे सरा. त्या दिवशी रांग तेवढी मागे सरली असती, तर हानीला त्याची आई भेटली असती.