बोळा

"मागचे दिवे लागतच नाहीत, की ब्रेक दाबल्यावर उजळत नाहीत?" थोरलीने फोनवर विचारलं.

"लागतात गं ताई, पण मिणमिणते. ब्रेक दाबला तरी तसेच. आणि डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू लुकलुकतात."

बावीस वर्षं गाड्यांची वायरिंग केलेल्या थोरलीला तेवढ्यावरून कळलं, अर्थिंग गेलंय, म्हणजे करंटला परत जायची वाट राहिलेली नाही. तासाभराचं काम. तिने मीटर, पक्कड, वायरीची गुंडाळी, हातमोजे आणि सुट्या भागांचा डबा पिशवीत टाकला आणि धाकट्या बहिणीकडे निघाली.

धाकटीच्या नवऱ्याने शाळेची जुनी बस घेऊन तिचं घर केलं होतं. बाकं उपटून ओटा बसवला, संडास केला, अगदी मागे सासूबाईंसाठी, म्हणजे या दोघी बहिणींच्या आईसाठी, पलंग ठोकला. बसचे जुने दिवे काढून नवे एलईडी लावले. "एकही मिस्त्री लावला नाही, ताई," तो येईल त्याला सांगत असे, तसं त्याने थोरलीलाही सांगितलं.

"ते दिसतंच आहे, जावईबापू," थोरली म्हणाली आणि उजवा दिवा उघडायला बसली.

आत चिकटपट्टीवर चिकटपट्टी. उन्हाने तिचा डिंक वितळून काळा चिखल झाला होता, तो बोटांना लागला तो सुटेना. सगळ्या वायरी एकाच लाल रंगाच्या, कारण म्हणे एकच गुंडाळी घरात होती. थोरलीने मीटर लावलं. दिव्यापर्यंत बारा व्होल्ट येत होते, पण परतीची वाट जवळजवळ बंद. परतीची ती वायर ती चाचपत गेली. वायर बसच्या आत शिरली आणि संडासाच्या पेटीमागे गडप झाली.

"तिकडे काही नाही, ताई," तो पुढे सरसावला. "तो कोपरा मी नीट केलाय."

तिने प्लायवूडचे स्क्रू काढले. फळी बाजूला होताच जो भपकारा आला, त्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मैल्याच्या टाकीचा सांधा थेंब थेंब गळत होता, आणि बरोबर त्याखाली अर्थिंगचा बोल्ट. तो हिरवा होऊन फुगला होता. सांधा आणि बोल्ट यांच्या मध्ये काहीतरी करडं, गच्च ओलं कोंबलेलं. तिने पक्कडीने ओढलं. मोजा होता.

"हा कुणाचा?"

"माझा," तो खाली बघत म्हणाला. "ठिबकत होतं, म्हणून बोळा कोंबला. तात्पुरता."

फळीच्या पलीकडे आईची उशी होती. पलंगावर पाय सोडून बसलेली आई शांतपणे म्हणाली, "दोन महिने सांगतेय, वास येतो. तर जावई म्हणतात, वयामुळे तुम्हाला भास होतात."

थोरलीने आईची उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मग तिने खाली उतरून हातमोजे चढवले आणि ती कामाला लागली. दिव्यांपासून थेट चासीपर्यंत नवी काळी वायर ओढली, चासीवरचा रंग चकचकीत होईस्तोवर खरवडला, बोल्ट आवळला. दिवे लख्ख लागले. इंडिकेटर आपापल्या बाजूलाच लुकलुकू लागले.

"दाब ब्रेक," तिने धाकटीला सांगितलं.

काहीच नाही.

मग ती ब्रेकची वायर धरून पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या पायापाशी आडवी झाली. तिथे, पेडलच्या वरच, वायर कापलेली होती. तुटलेली नव्हे, पक्कडीने कापलेली. दोन्ही टोकांना टेप इतकी सुबक गुंडाळलेली की त्या अख्ख्या बसमध्ये सफाईने केलेलं काम तेवढंच.

"हे काय आहे?"

"स्विच अडकत होता," तो म्हणाला. "ब्रेकलाइट जळतच राहायचे. बॅटरी उतरायची. म्हटलं, मागून लाल दिसतंय ना, पुरे."

"कधीपासून?"

"झाले असतील पाच महिने."

धाकटी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसली होती. "गेल्या महिन्यात मी बस चालवत असताना एक टँकर मागून घासून गेला, तेव्हा आई पलंगावर झोपली होती," ती म्हणाली. "टँकरवाल्याने खाली उतरून मला शिव्या घातल्या. मी रडले. तू माझी समजूत काढलीस. म्हणालास, लोकांना अंतर ठेवायची अक्कल नाही."

"अगं, तुला उगाच टेन्शन नको म्हणून..."

"हसू नकोस," धाकटी म्हणाली. तो खरंच ओशाळं हसत होता.

थोरलीने मोजा पुन्हा पक्कडीत धरून त्याच्यापुढे नेला. "हा टाका. मग टाकी उतरवा, सांधा धुवा, नवा वायसर घाला. हातमोज्यांची माझ्याकडे एकच जोडी आहे, आणि ती मी घातलीय."

तो टाकीखाली ओकाऱ्या काढत असताना तिने ब्रेकचा नवा स्विच बसवला, वायर जोडली. धाकटीने पेडल दाबलं तसा मागचा लाल उजेड बसमागच्या भिंतीवर पडला. चहा ठेवू का, असं धाकटीने विचारलं. थोरली नको म्हणाली. त्या बसमधलं पाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरलं नसतं.

आईला ती आपल्या घरी घेऊन गेली. महिन्याभराने आई परतली, पण पलंग आता ड्रायव्हरच्या मागे आहे आणि धाकटी निघण्याआधी रोज कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघते. जावई भेटला की अजूनही म्हणतो, "ताई, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा." थोरली "बरं" म्हणते आणि दुसरीकडे बघते.