विडीचा खोकला

एक्क्याण्णव सालची गोष्ट. भिवंडीहून पडघ्याकडे जाताना लागणाऱ्या खडीच्या खाणीवर कामगारांचे आरोग्य शिबिर असले, की आदल्या दिवशी चंद्रा रिक्षात बसून माईकवरून वस्तीभर पुकारा करी. "बायांनो, दादल्यांच्या विड्या सोडवा! खोकला विडीचा हाय! कंपनीला तुमची काळजी हाय!" ही वाक्ये तिला कंपनीच्या साहेबांनी शिकवली होती. शिबिराच्या फलकावर 'आमचे कामगार, आमची जबाबदारी' असे लिहिलेले असे, आणि ते वाचून चंद्राचा ऊर भरून येई.

एका सकाळी ती भावाकडे गेली, तेव्हा तिची वहिनी गोदू तव्यावरची भाकरी करपत ठेवून नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे चाचपत होती. रामनाथ खाणीत दगड फोडणाऱ्या क्रशरवर कामाला. भिंतीला टेकून तो खोकत होता.

"मी विडीला हातबी लावला न्हाय," तो म्हणाला. "चंद्रे, तू तरी सांग हिला."

चंद्राला ठाऊक होते. विडीच्या नुसत्या वासाने त्याला लहानपणापासून मळमळे. पण एवढा शिकलेला साहेब खोटे कशाला बोलेल?

"लपून वढत आसंल, वहिनी," ती म्हणाली.

रामनाथने मान खाली घातली. त्या दिवसापासून गोदूने त्याच्याशी धड बोलणे टाकले.

पुढे दम इतका वाढला, की चंद्राने त्याला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला. "विडी नाही, बाई. दगडाची धूळ आहे ही. फुफ्फुसं भरलीत."

रामनाथ घरी परतलाच नाही.

दिवसकार्य उरकून चंद्रा साहेबांकडे गेली. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, हळहळले. मग मऊ आवाजात म्हणाले, "चंद्राबाई, आपण 'धूळ' म्हणत नाही. 'आरोग्याबाबत जागरूकता' म्हणतो. उद्याचा पुकारा नेहमीसारखाच होऊ द्या."

माईक त्यांच्या टेबलावर ठेवून ती तडक गोदूकडे गेली आणि सगळे सांगून टाकले. गोदू रडली नाही.

"त्याला दवाखान्यात नेलंस ना, त्या सकाळीबी मी त्याचं तोंड हुंगलं गं," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चंद्रा वस्तीत पायी निघाली. "खोकला धुळीचा हाय. मी खोटं बोलले," दारोदार सांगू लागली. कोणी ऐकले, कोणी दार लावून घेतले. क्रशरवरच्याच एका कामगाराची बायको कमळा; तिचा नवराही आत खोकत होता. कमळा उंबऱ्यात उभी राहिली.

"तुझा तर सख्खा भाव व्हता. तवा का न्हाय बोललीस?"

चंद्राची मान वर झाली नाही. तशीच ती पुढच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली.