दहापैकी दहा

"सर, साहेब आमचं ऐकत नाहीत असं म्हणणारा माणूस समाजातून तुटलेला कसा काय?"

मैत्रिणींशी पैज लावून हा प्रश्न धम्मशीलाने भर वर्गात विचारला, तेव्हा सर्वेक्षणाचे सर नुसते हसले. "प्रश्न वरून ठरून आलेत, बेटा."

वरून म्हणजे कोणाकडून? तिच्या मनात पाल चुकचुकली.

बोंडअळीने उंद्री गावची कपाशीची पऱ्हाटी फस्त केली, त्या हिवाळ्यात हे सर लोकांचा परकेपणा, म्हणजे कोण समाजातून किती तुटलाय ते, मोजायला आले होते. नववीच्या पोरी घरोघर फॉर्म भरत होत्या. साहेब ऐकतात का? बियाण्यावर भरवसा आहे का? प्रत्येक 'नाही'ला एक गुण, आणि गुण जास्त त्याला समुपदेशन.

तिच्या बाबांना दहापैकी दहा पडले. ज्यांनी अख्खं गाव गोळा करून तालुक्याच्या साहेबाला पंचनाम्यासाठी शेतात आणलं, ते तुटलेले! आणि शेजारचे शंकररावकाका शून्यावर. दिवाळीपासून ते घराबाहेर ओट्यावरही येऊन बसले नव्हते. भरपाईचा फॉर्म समजून त्यांनी सगळ्यालाच 'हाव, हाव' म्हणत होकार दिला होता.

घरी येताच तिने दप्तर आदळलं.

"काय झालं वं?" आईने विचारलं.

"सरनं बाबाले तुटलेलं ठरवलं!"

"मले?" बाबा हसले. "आता गोळ्या देतीन काय?"

"हसू नका, बाबा. आई, तूबी ऐक. उरलेले फॉर्म मी उद्या सरले कोरेच परत देणार हाय. आन् शंकररावकाकाकडं आत्ताच जाऊन राह्यली, बिनाफॉर्मची. बाबा, तुमीबी चाला."