जुलैच्या घरातली टिकली

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. किती जुना, ते माझ्याकडे बघूनच कळेल: माझ्यावर छत्तीसगढ हे राज्य छापलेलंच नाही. रायपूर अजून मध्य प्रदेशात आहे. पुढे माझ्या मालकांनी, रत्नाकररावांनी, निळ्या पेनाने नव्या राज्याची हद्द आखली, पण हात जरा हलला आणि थोडं बस्तर ओडिशात गेलं.

जाड कागद, मागे कापड, वर-खाली लाकडी दांडी, असा मी छापखान्यातून निघालो आणि रेल्वेच्या एका कचेरीत भिंतीवर टांगला गेलो. तिथे माझ्याकडे कुणी बघत नसे. सगळे शेजारच्या कॅलेंडरकडे बघत, सुट्ट्यांसाठी. शेवटी मी रद्दीत निघालो, तेव्हा बुकिंगचे बाबू रत्नाकरराव मला सायकलीला बांधून रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी घेऊन आले.

माझ्या खालच्या कोऱ्या कडेवर त्यांनी तक्ता आखला. डावीकडे गावं, वर बारा महिने. महिना जाण्याजोगा असेल तर त्या घरात हिरवी टिकली, नसेल तर लाल. टिकल्या त्यांच्या पत्नीच्या, प्रेमलाताईंच्या पाकिटातल्या. जैसलमेर मे महिन्यात लाल. लडाख जानेवारीत लाल. केसभर जरी टिकली तिरकी लागली, तरी रत्नाकरराव नखाने ती सरळ करत.

हळूहळू सारा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, माझ्यासमोर येऊन उभा राहू लागला. माणसं मोठी गमतीची, मित्रांनो. ऋतू विचारायला येतात, पण तारीख घरूनच ठरवून आणतात. पोरांना सुट्टी मेमध्ये, तेव्हा राजस्थानने मेमध्ये थंड व्हावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. शेजारचे कापडदुकानदार नीलकंठ तर एकदा जुलैत दार्जिलिंगला निघाले होते.

"लाल टिकली हाय," रत्नाकरराव म्हणाले. "ढग पाहाले जाता काय? ढग त इथंबी हायेत."

"पन भैया, दुकान जुलैतच ढिलं असते ना!"

"तुमच्या दुकानाच्या सोयीनं हिमालय उघडत नसते."

नीलकंठ गेले नाहीत. पण बाकीची एकोणचाळीस कुटुंबं मी मोजली आहेत, योग्य ऋतूत योग्य गावी गेलेली. परत आल्यावर ती माझी तारीफ करत. चाळिसावं कुटुंब मात्र कुठेच गेलं नाही. ते याच घरातलं.

प्रेमलाताई वर्ध्याकडच्या सपाट मुलुखात वाढल्या, संसारही रायपूरच्या सपाटीवर झाला. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती, कांचनजंगा. दार्जिलिंगच्या ओळीत ऑक्टोबर हिरवा होता. पण ऑक्टोबरात कधी सासूबाईंचं आजारपण निघे, कधी मुलीचं, मंजिरीचं बाळंतपण, कधी दिवाळीचे पाहुणे. हिरवी टिकली एप्रिलातही होती. पण रत्नाकररावांना हिरव्यातलाही सगळ्यात चांगला महिना हवा होता. ते निवृत्त झाले. दरवर्षी रेल्वेचा पास काढत आणि दरवर्षी कपाटात त्याची मुदत संपे.

मग घरात मोबाइल फोन आले. "आजोबा, मौसम तो फोन में दिख जाता है," नात कौमुदी म्हणाली, आणि पारा माझ्याकडे यायचा थांबला. माझ्यावर धूळ बसली.

गेल्या जूनमध्ये प्रेमलाताईंना रायपुरातल्याच तेलीबांध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्यात मधोमध खिडकीएवढी नजर उरली होती, आणि तीही आकसत चालली होती. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी रत्नाकरराव माझ्यासमोर उभे राहिले. दार्जिलिंगच्या ओळीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांचं बोट एकेका घरावरून सरकत गेलं. ऑक्टोबरच्या अलीकडे चार घरं. चारही लाल.

"काय मोजून राहिले जी?" मागून प्रेमलाताईंनी विचारलं.

"ऑक्टोबर."

"तो त येते दरसाल. माह्या डोळ्याले थांबायचं सांगतलं काय कोनी?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघं दार्जिलिंगला निघाले. दारात नीलकंठ उभेच होते. "जुलैत? मले त तुमीच रोखलं होतं ना, भैया!"

"हव," रत्नाकरराव म्हणाले. "चुकलंच माह्यं."

तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. तीन दिवस नुसता पाऊस आणि ढग. समोरचं झाडही दिसेना. चौथ्या दिवशी सकाळी ढग फाटला, कपातला चहा निवेपर्यंत. रत्नाकररावांना अख्खी रांग दिसली. प्रेमलाताईंनी मान हळूहळू फिरवत फक्त मधलं शिखर धरून ठेवलं.

"मधलं मले दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "कडेचं तुमी सांगा."

आणि ते सांगत राहिले, ढग मिटल्यावरसुद्धा.

मग ऑक्टोबर आला, चांगला, निरभ्र, माझ्या तक्त्यातला सगळ्यात हिरवा महिना. तोवर डाव्या डोळ्यातल्या खिडकीची फट झाली होती. दिवाळीच्या साफसफाईत प्रेमलाताई माझ्याजवळ आल्या. बोटांनी दार्जिलिंगची ओळ चाचपली, महिने मोजले, जुलैच्या घरातली लाल टिकली काढली आणि तिथे हिरवी लावली. ती तिरकी लागली. अर्धी जुलैत, अर्धी ऑगस्टात.

रत्नाकरराव बघत होते. त्यांचं नख पुढे आलं, आणि तसंच मागे गेलं.

मित्रांनो, एवढा मोठा देश अंगावर घेऊन मी उभा आहे. कुठल्या गावी कधी ऊन, कधी पाऊस, कधी बर्फ, ते मी सांगू शकतो. तुमच्या घरातल्या माणसाचा ऋतू कधी सरतो, ते माझ्यावर छापलेलं नाही. ते तुम्हीच बघायचं असतं, आणि वेळेवर.

माझ्यासाठी एवढंच करा. धूळ झटकायची तर कोरड्या फडक्याने झटका. ओलं फडकं लावलं तर टिकल्या निघतात. आणि माझ्यावर एक टिकली तिरकी दिसली, तर ती कृपा करून सरळ करू नका.