भोपळेरावाचा आवाज

रश्मीने कॉलेजात असताना सहा मिनिटांची एक ॲनिमेशन फिल्म केली होती. तिच्यात भोपळेराव नावाचं भूत होतं. हॅलोविनच्या संध्याकाळी त्याचं भोपळ्याचं डोकं चोरीला जातं आणि ते रश्मीच्या राहत्या चिखलीत दारोदार ओरडत फिरतं, "माझ्या डोक्याची भाजी कुणी केली रे?" आवाजाला कुणी मिळेना, म्हणून रश्मीने आईलाच, केसरबाईंना, माइकपुढे उभं केलं. केसरबाईंचं आयुष्य चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये, भांड्यांच्या खणखणाटावर ओरडण्यात गेलेलं. पहिल्याच वर्षी सोसायटीतली पोरं तो आवाज ऐकून आयांच्या कुशीत शिरली आणि तिथूनच म्हणाली, "परत लावा!"

तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबर संपताना सोसायटीच्या हॉलमध्ये ती फिल्म लागायचीच. तेव्हाची रडकी पोरं आता कॉलेजात जायची, तरी त्या संध्याकाळी पुढची रांग धरायची. रश्मीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हिंजवडीच्या स्टुडिओत काम करून तिची नजर तयार झाली होती. जिना चढताना भुताचा डावा हात मध्येच नाहीसा होतो, हे तिला बघवत नसे.

यंदा तिने सगळी फिल्म नव्याने केली. हात जागेवर आला, धुकं खरं वाटू लागलं, आवाज एका कसलेल्या नटाचा घेतला. आई नुसतं "बरं केलंस" म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

हॉल गच्च भरला. जिना आला तशी पोरं नेहमीप्रमाणे "हात गेला!" ओरडायला सरसावली. हात गेलाच नाही. मग भूत बोललं, अगदी घोटीव, सभ्य आवाजात.

"हा भोपळेराव नाहीच!" दुसऱ्या मजल्यावरची सहा वर्षांची स्वरूपा उठून उभी राहिली. "हा कुणीतरी साहेब आहे!"

रश्मीचे कान तापले. पण पुढच्याच क्षणी तिलाही हसू फुटलं. खरंच, भूत लोनसाठी फोन केल्यासारखं बोलत होतं. तिने आवाज बंद केला आणि मागे वळून हाक मारली, "आई, ये ना पुढे!"

"अगं, मी गाऊनवर आलेय."

"भुताला कोण बघतंय?"

फिल्म पहिल्यापासून सुरू झाली. केसरबाईंनी जिना यायच्या आधीच घसा खाकरला. "माझ्या डोक्याची भाजी कुणी केली रे?" स्वरूपा खुर्चीखाली. सगळा हॉल एका सुरात, "आम्ही नाही!" जिन्यावर हात धडधाकट दिसत असतानाही पोरं ओरडली, "हात गेला!"

"गेला तर गेला," केसरबाई गरजल्या, "दुसऱ्यानं कान पिळतो तुमचे!"

हे तर जुन्या फिल्ममध्येही नव्हतं. रश्मी हसून हसून खाली बसली.

रविवारी दुपारी मायलेकींनी घरातला पंखा बंद केला, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि नव्या फिल्मसाठी केसरबाईंच्या आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्याच किंकाळीला शेजारचे ज्योतीराम धावत आले आणि दार ठोकू लागले. "वहिनी, काय झालं?"

"काही नाही भाऊजी," केसरबाईंनी पांघरुणातूनच सांगितलं, "डोकं हुडकायलेय!"