ज्याचं त्याने ऐकायचं

सानगडीच्या पोस्टात मी एकोणीस वर्षं कारकुनी केली. रेडिओच्या लायसन्सवर शिक्के मारून मारून गावात कोणाकडे कसला रेडिओ आहे, हे मला तोंडपाठ झालं होतं. तीन बँडचा फक्त माझ्याकडे होता. तो आणला तेव्हा पंचफुला, म्हणजे माझी बायको, आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पुढे त्याच रेडिओजवळ ती माझ्याआधी येऊन बसू लागली, ही गोष्ट वेगळी.

आम्ही तीन दोस्त होतो. परसराम धानाची शेती करायचा आणि हौसेने नाटकात व्हायोलिन वाजवायचा. डोमा शाळेत शिपाई होता, त्याच्याकडे बेंजो होता. वरातीत वाजतो तो, टाइपरायटरसारख्या बटणांचा. माझ्याकडे मंडोलीन. तिघांपैकी एकही कोणाकडे शिकला नव्हता आणि तिघांनाही आपण फार वाया गेलेले कलावंत आहोत असं वाटायचं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता, काटा फिरवता फिरवता कुठल्यातरी दूरदेशचं स्टेशन लागलं. निवेदक इंग्रजीत काहीतरी बोलला, त्यात ‘बँजो’ एवढं डोमाला कळलं आणि तो ताडकन उठून बसला. मग एक धून सुरू झाली. नुसत्या तारा. पेटी नाही, तबला नाही, गाणारा नाही. त्यांचा बँजो काही आपला बेंजो नव्हता, पण तारा अशा भरधाव पळत होत्या की परसरामच्या डोळ्यांत पाणी आलं. या प्रकाराला ते लोक ब्लूग्रास म्हणतात, हे पुढे शाळेच्या इंग्रजीच्या मास्तरांनी सांगितलं. निळं गवत कुठे असतं, असं डोमाने त्यांना विचारलं. मास्तर म्हणाले, अमेरिकेत.

दर रविवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला तीच धून लागायची, जेमतेम दीड मिनिट. आम्हाला ती बसवायची होती. टेप नव्हता, लिहिता येत नव्हतं. तेव्हा परसरामने तोडगा काढला. एकाने सगळं ऐकायला गेलं तर काहीच हाती लागत नाही, म्हणून ज्याचं त्याने ऐकायचं. व्हायोलिन परसरामचं, बँजो डोमाचा, मंडोलीन माझं. दुसऱ्याच्या वाद्याकडे कान द्यायचा नाही, शपथ.

पंचफुला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, “तुमी तिघाइनं तिघाइचं घेतलं. ते खाल्तं धुम धुम चालू आहे, ते कोनाच्या वाट्याचं?”

“ते काई वाद्य होय?” तारांखालच्या त्या ठेक्याबद्दल मी हसून म्हणालो. “ते त आपोआप चालू रायते.”

पुढच्या रविवारी लाकडी पाट तिने मांडीशी उपडा घेतला आणि रेडिओबरोबर त्यावर हाताने थाप देऊ लागली. आम्ही तिला कधी मोजलं नाही. पण तिची थाप नसली की तिघांची तीन तोंडं व्हायची. डोमा म्हणायचा, वहिनी, पाट सोडू नका.

वर्षभरात धून बसली. अठ्ठ्याहत्तरच्या कापणीच्या दिवसांतली गोष्ट. धून संपली आणि परसरामने व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं.

“रेडिओत माह्यं नाही वाजलं आज.”

सेल उतरले असतील, असं आम्ही म्हणालो. त्याने विचारलं, तुमचं वाजलं ना? आमचं दोघांचंही स्वच्छ वाजलं होतं. शपथेप्रमाणे आम्ही आपापलंच ऐकलं होतं, त्यामुळे त्याचं वाजलं की नाही हे सांगणारा कोणीच नव्हता. मग सेल कसे उतरले, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि घरी गेला. बुधवारी बांधीत धान कापताना त्याला साप चावला. साकोलीच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी पोचलीच नाही.

पुढच्या रविवारी मी घाबरत घाबरत रेडिओ लावला. या वेळी मुद्दाम व्हायोलिनकडे कान दिला. ते नव्हतं. जिथे ते वर चढायचं, तिथे नुसती मोकळी जागा होती. ती धून रेकॉर्डवरची होती. आमच्यासाठी दर रविवारी तिथे कोणी येऊन बसत नव्हतं, एवढं पोस्टाच्या कारकुनालाही कळतं. तरी ते नव्हतं.

त्या दिवशी मी शपथ मोडली. डोमालाही कळू न देता मी बँजो ऐकू लागलो. घरी पोरं तारा तोडतात म्हणून डोमाचा बेंजो आमच्याकडेच असायचा. तो घरी गेला की मी बटणं दाबून बसायचो. माझा हेतू सरळ होता. डोमाची जागा रिकामी झालीच, तर ती मी भरणार होतो.

एकोणऐंशीच्या भादव्यात ती रिकामी झाली. आठ दिवस पावसाची रिपरिप लागून राहिली होती. डोमाची बायको तुळसा पोरांना घेऊन बाळंतपणाला माहेरी, बपेऱ्याला गेली होती. धून सुरू झाली आणि डोमाची बोटं बटणांवर थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. ते तोंड मी विसरलेलो नाही. मी त्याच्या मांडीवरून बेंजो ओढला आणि रेडिओच्या अंगावर धावून गेल्यासारखा वाजवत सुटलो. चुकत होतो, पण एकही जागा सोडली नाही. धून संपली तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता आणि डोमा रडत होता.

“वाजलं,” मी म्हणालो. “तुह्यं वाजलं. आता भेव नोको.”

उंबऱ्याजवळ पंचफुला पाटावर हात ठेवून तशीच बसली होती.

“आज खाल्तं नाही वाजलं,” ती म्हणाली.

“तुह्यं कोनतं वाद्य आहे त्याच्यात?”

हे मी म्हणालो. परसरामच्या वेळी ती त्याच उंबऱ्यावर होती, तिने सगळं ऐकलं होतं, हे त्या घटकेला माझ्या डोक्यातही आलं नाही. तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं, पाट भिंतीला टेकवला आणि आम्हाला जेवायला वाढलं.

तो आठवडा मी डोमाला घरी जाऊ दिलं नाही. त्याला रजा टाकायला लावली. रात्री तो आमच्या ओसरीत झोपायचा, दिवसा मी त्याला पोस्टात टपालाच्या थैल्यांजवळ स्टुलावर बसवायचो. विहिरीवर मी बरोबर, शौचाला मी बरोबर. तो वैतागला होता, पण जगत होता, आणि मला त्याचा गर्व चढला होता. घरात रोज तीन माणसं जेवत होती. त्यांतला एकच मी राखत होतो.

गुरुवारी पोस्ट बंद करून आम्ही घरी आलो. पाऊस वाढला होता. डोमाला आठवलं की बकरी सकाळपासून घरीच बांधलेली आहे, चारा नाही, पाणी नाही. तो उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि पंचफुलाला म्हणालो, तू जाऊन ये.

तिने डोक्यावर पोत्याची खोळ घेतली. दारात थांबली.

“जाऊ?”

“जा ना. तुले काय होते?”

“जाऊ ना मंग?” तिने पुन्हा विचारलं.

दोनदा काय विचारतेस, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. ती गेली.

पाऊण तासाने दाराशी बकरी आली. एकटीच. गळ्यातलं ओलं दावं चिखलात ओढत आली आणि ओसरीच्या कोपऱ्यात अंग झाडून उभी राहिली. आम्ही धावलो तेव्हा डोमाच्या घराची मागची मातीची भिंत खाटेवर आडवी पडलेली होती. पंचफुलाने बकरी आधी सोडली होती. मग पडवीत वाळू घातलेलं डोमाचं अंथरूण उचलून आत खाटेवर ठेवायला गेली असावी, कारण ते तिच्या हातातच होतं.

लोक म्हणाले, डोमा नशिबाचा. डोमा अजून माझ्याकडे पाहत नाही.

आता शहाऐंशी साल आहे. डोमाला तेव्हा तिसरी मुलगी झाली, ती शाळेत जाते. ते स्टेशन अजून लागतं. रविवारी पाच वाजता तो येतो, बेंजो घेतो. त्याचा बँजो रेडिओवर परत आलेला आहे, पण धून आता धड उभी राहत नाही. खाली काहीच नाही. तारा पळतात आणि कुठे थांबावं हे त्यांना कळत नाही.

मंडोलीन मी खुंटीला टांगलं. ते रेडिओवर वाजतं की नाही, हे मी ऐकत नाही. डोमाला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, मी माह्यंच आईकतो. धून सुरू झाली की मी उंबऱ्यापाशी जाऊन बसतो, पाट उपडा घेतो आणि जमेल तशी थाप देतो. हात चुकतो. तिचा कधी चुकत नव्हता.

ते कोणाच्या वाट्याचं, असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माझ्या, एवढंच सांगायचं होतं.