सातवा धडा

दीपमालाने फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि ‘परीक्षा सुरू करा’ दाबलं. वीस प्रश्न, तीस मिनिटं. बारा बरोबर आले की रुग्णसेवेच्या फुकटच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ते उद्यापर्यंत दिलं तरच दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीतून सुटून वॉर्डात जाता येणार होतं.

कोर्सला चाळीस हजार जणांनी नावं घातली होती. त्यातले किती धडे पाहत होते, देव जाणे. दीपमालाने तर एकही पाहिला नव्हता. व्हिडिओ पूर्ण चालल्याशिवाय पुढचा उघडत नसे, म्हणून ड्यूटीला जाताना ती जुना फोन आईजवळ ठेवून जायची. हिरवी खूण आली की खालचं बटण दाबायचं, एवढंच आईचं काम. अक्षरओळख नसलेल्या लक्ष्मीबाईंनी दीड महिन्यात अख्खा कोर्स पार पाडला होता.

पहिले सहा प्रश्न अंदाजपंचे गेले. लक्ष्मीबाई समोर लसूण सोलत होत्या.

“लकव्याच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किती तासांच्या आत द्यावं?” दीपमाला पुटपुटली. “बारा, का चोवीस...”

“साडेचार,” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

“तुला काय ठाऊक?”

“त्या फोनमधल्या बाईनं सांगितलंय. तोंड वाकडं झालं, हात उचलंना, की आधी घड्याळ बघायचं.”

“ऐकत बसायचीस व्हय? मला वाटलं, नुसतं बटण दाबतीस!”

दीपमाला हसली आणि पुढचे प्रश्न मोठ्याने वाचू लागली. आई मान वर न करता उत्तरं देत गेली. पंधरा बरोबर आले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

निकालाखाली धड्यांची यादी होती. प्रत्येकासमोर ‘एकदा पाहिला’. सातव्यासमोर ‘एकोणीस वेळा’. धड्याचं नाव होतं लकवा.

दीपमालाचं हसू ओसरलं. दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी सकाळी तिच्या वडिलांचं, अण्णांचं, तोंड वाकडं झालं होतं. सिल्लोड रोडच्या एका खेड्यात लकव्याचं औषध फक्त रविवारी देतात, तिथंच गुण येतो, असं आईचं म्हणणं पडलं. “रविवारी माझी सुट्टीच आहे,” असं दीपमालाही म्हणाली होती. शनिवारी दिवसभर तिने खिडकीत बसून लोकांचे केसपेपर काढले. रविवारी औषध मिळालं. मंगळवारी अण्णा गेले. त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

तिला वाटलं, फोन पालथा घालावा. पण तोंडातून निघून गेलं,

“हा धडा इतक्यांदा का लावला गं?”

लक्ष्मीबाईंनी पाकळ्या वाटीत टाकल्या. फोलपटं पदरात गोळा केली.

“म्हटलं, एखाद्या खेपेला दोन दिवस म्हणंल ती बाई.”